पाण्याजवळचं घर

नवी टोपली आणायला मी सकाळीच आंधळगावला गेलो होतो. काम साधंच. बुरडाच्या घरासमोर गाडी लावायची, कोणी न वापरलेली एक टोपली बघून घ्यायची आणि परत यायचं. पण कुठलीही वस्तू हातात घेतली की मला आधी तिच्यातली खोट दिसते. एक टोपली वाकडी, एकीचा काठ सैल, एकीला कुबट वास. शेवटी बुरडाची बायको वैतागली. "लगनाची होय काय भाऊ, एवढी पाहून राहिले ते?" मी म्हणालो, "नाही, बहिणीच्या दहाव्याची." ती आत गेली आणि स्वतःच एक टोपली घेऊन आली. ती मी न बघता घेतली.

तुम्ही माझे व्हिडिओ बघता, तुम्हाला माझी ही खोड ठाऊक आहे. मोहाडीला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, पोटापाण्याचं तेच. उरलेल्या वेळात मी मराठीतून कॉम्प्युटरवरच्या गेमांबद्दल बोलतो, कोणता चांगला, कोणता भिकार. नावं ठेवण्यात वीरूदादाचा हात धरणारा कोणी नाही, असं माझी बहीण गुंजन सगळ्यांना सांगायची. आणि तुम्ही सगळे मला पुन्हा पुन्हा एकच विचारता, की दादा, तुमचा स्वतःचा आवडता गेम कोणता, त्याचे गुणदोष कधी सांगणार? सांगतो आज. फक्त नेहमीसारखं हसत-खिदळत नाही सांगता येणार. जरा जवळ सरका, आणि ते दार लोटून घ्या. गारठा आत येतोय.

त्या गेमला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. गुंजन त्याला 'पाण्याजवळचं घर' म्हणायची, मीही तेच म्हणतो. कुठल्याशा बर्फाळ मुलखातल्या चार-दोन लोकांनी बनवलेला, फारसा न खपलेला गेम. त्यात बंदूक नाही, मारामारी नाही, मागे लागणारं कोणी नाही. धुक्यातल्या तळ्याकाठी एक लाकडी घर आहे. घरातली माणसं निघून गेली आहेत. आपण पुढच्या दारानं आत शिरायचं आणि एकेका खोलीतून चालत, राहिलेल्या वस्तू बघत, ती माणसं कुठं गेली आणि का गेली ते समजून घ्यायचं. सगळं आपल्याच डोळ्यांनी दिसतं, चालणारा माणूस म्हणजे आपणच. शेवटी मागच्या दारानं तळ्यावर निघायचं. तिथं एक नाव उभी असते. आपण नावेत बसलो की गेम संपला.

आधी गुण सांगतो. पहिला गुण आवाज. त्या घरातली प्रत्येक खोली वेगळी वाजते. स्वयंपाकघराची फळी कोरडी, जिन्याखालची पोकळ, मागच्या खोलीची ओलसर. डोळे मिटूनसुद्धा आपण कुठं आहोत ते सांगता येतं. दुसरा गुण उजेड. प्रत्येक खोलीत दिवा आधीच लावलेला असतो, आताच कोणीतरी लावून पुढं गेलंय असं वाटतं, आणि ते कोणीतरी कधीच भेटत नाही. आणि तिसरा गुण, त्याला घाई नाही. गेम थांबवायचं बटणच नाही त्यात. तुम्ही नुसते उभे राहा, उठून जेवून या, तोवर तिथली वात जळत असते, पाणी हलत असतं.

आता दोष. खाली बघितलं तर पाय दिसत नाहीत. पावलं वाजतात आणि पाय नाहीत, हा काय प्रकार? हातही नाहीत. दारापाशी गेलं की दार आपणहून उघडतं, आणि ओलांडलं की मागं बंद होतं, ते पुन्हा उघडत नाही. म्हणजे फिरून मागं जाणं नाही. बोलता येत नाही, हाक मारता येत नाही, अख्ख्या गेममध्ये माणसाचा आवाज म्हणून नाही. आणि माझं डोकं फिरतं ते शेवटाला. तळ्याकाठी पोचलं की आपल्या हातातला ताबाच काढून घेतात. माउस हलवा, बटणं बडवा, काही होत नाही. ते दाखवतील ते बघत बसायचं. खेळणाऱ्याला अखेरच्या घडीला असं लाकूड करून टाकणं मला कधीच पटलं नाही.

गुंजनला मात्र हे सगळं पटायचं. तिला सिकलसेल होता. आमच्याकडे हे नाव कोणाला समजावून सांगावं लागत नाही. रक्ताचा आजार, जन्मासोबत आलेला. थंडी बाधली, दमणूक झाली की हाडं ठणकायला लागायची, मग दवाखाना, सलाइन, पुन्हा घर. त्यातच डाव्या बाजूचा खुबा झिजला आणि ती डावा पाय ओढत चालायला लागली. अंगणातून बोडीपर्यंत जायचं, म्हणजे घरामागच्या त्या छोट्या तलावापर्यंत, तरी मधे दोनदा बसायची. त्या गेममध्ये मात्र ती दुपारच्या दुपार चालायची. मी दोष काढले की म्हणायची, "पायच नाहीत त दुखतीन कायले, दादा?" आणि मी गप्प बसायचो. मला गप्प बसवणारं या जगात तेवढंच एक माणूस होतं.

धान निघून शेतात त्याच्या गंजी, आमचे पुंजणे, लागले, धुकं पडायला लागलं आणि ती गेली. घरातच, मधल्या खोलीत, तिच्या खाटेवर, पहाटे. मी आणि माय दोघंही जवळ होतो. मला रडायला आलं नाही, राग आला. कोणावर ते सांगता येत नाही. डॉक्टरांनी जमेल ते केलं होतं, मायनं तर आयुष्यच ओतलं होतं. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते, तेव्हापासून सत्यभामा नावाची ती बाई फक्त गुंजनच्या दुखण्यामागं उठत-बसत आली होती. आता ती उठायची आणि मधेच उभी राहायची, कशासाठी उठलो ते न आठवून.

आमच्याकडे दहाव्याला पाऊल पाहतात. जिथं माणसाचा जीव गेला ती जागा शेणानं सारवायची, तिथं तांदळाचं बारीक पीठ चाळून पसरायचं, बाजूला दिवा ठेवायचा आणि पिठावर नवी टोपली पालथी घालायची. मग सगळ्यांनी घराबाहेर अंगणात बसायचं. घरात चालतंफिरतं कोणी राहू द्यायचं नाही, मांजरसुद्धा नाही. काही वेळानं आत जाऊन टोपली उचलायची. पिठावर ठसा उमटलेला असतो. पाखराचा असला तर पाखराचा जन्म मिळाला, खुराचा असला तर गाईगुरांचा, बाळाच्या पावलासारखा असला तर मग बायका हसून रडतात. माझा विश्वास होता का? नव्हता. पण मायचा होता, आणि तिला गुंजन पुढं कुठंतरी नीट पोचली एवढं कळायला हवं होतं. तेवढ्यासाठी ती दहा दिवस तग धरून होती. मलाही तेवढंच हवं होतं, मायला ते मिळावं.

तर त्या दिवशी दुपारी टोपली आणून ठेवली. माझी आत्या, रत्नाबाई, दिघोरीहून आली होती, असल्या कामात तिचाच शब्द चालतो. ती आणि माय स्वयंपाकघरात पीठ चाळत होत्या. मधल्या खोलीत मी एकटा. गुंजनची खाट उचलून बाहेर काढली होती, तिच्या डोक्याशी असलेलं कॉम्प्युटरचं टेबल तेवढं तिथंच भिंतीला होतं. मला एकदम त्या फळ्यांचा आवाज ऐकावासा वाटला. मी गेम चालू केला. पुढच्या दारातून आत गेलो आणि पहिल्याच खोलीत नुसता उभा राहिलो. त्या दिव्याकडे बघत किती वेळ बसलो होतो कोण जाणे, आत्याची हाक आली.

"वीरू, सरक तेथून. सारवाचं हाय."

हेडफोन काढून टेबलावर टाकले आणि पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला, आत्याला वाटलं बंद झालं. मलाही वाटलं, झालं. टेबलाखाली सीपीयूचा डबा चालूच होता. आत तो दिवा जळत होता आणि पहिल्या खोलीत मी सोडून आलेली ती जागा उघडीच होती. पूर्वीच्या लोकांनी मांजराचा विचार केला होता. याचा कोण करणार?

दिवेलागणीला टोपली पालथी घातली आणि आम्ही बाहेर येऊन बसलो. आत्यानं दार लोटून घेतलं. बोडीवरून धुकं चढत होतं, पुंजण्यांपर्यंत आलं होतं. ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा वास, शेजारच्या चुलीचा धूर, एरवीचंच सगळं. मायनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. आतून काही आवाज आला नाही, आला असता तरी बरं झालं असतं असं आता वाटतं.

आत्या उठली. आम्ही मागोमाग आत गेलो. दिवा नीट जळत होता. तिनं देवाचं नाव घेऊन टोपली उचलली.

पीठ जसंच्या तसं होतं. ठसा नाही, रेघ नाही, मुंगी चालल्याची खूणसुद्धा नाही.

माय म्हणाली, "आली नाही काय वं ते?"

"येते," आत्या म्हणाली. "यावंच लागते. कोणाचं काही ना काही उमटतेच. आजवर असं..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि टोपली पुन्हा ठेवली.

तेव्हा मला वास आला. ओल्या, कुजत आलेल्या लाकडाचा. आमच्या घरात लाकूड म्हणून नाही, दारं, टेबल, सगळं लोखंडी. आणि त्याच वेळी टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज यायला लागला. फळी वाजत होती, कोरडी. स्वयंपाकघराची. मी तर गेम पहिल्या खोलीत सोडला होता, आणि मी चालवल्याशिवाय तिथं कोणी चालत नाही. एक पाऊल पडायचं, मग घासल्याचा आवाज. एक पाऊल, मग घासल्याचा...

मी पडद्याचं बटण दाबलं.

पहिली खोली. मी उभा होतो तिथंच, तोच दिवा. माउस हळूच खाली ओढला आणि जमिनीकडे बघितलं. माझे पाय नव्हते, ते कधीच नसतात. पण फळ्यांवर पांढरं काहीतरी पसरलेलं होतं, पीठ चाळल्यासारखं बारीक, आणि त्यात पावलं उमटली होती. पुढच्या दारापासून निघून, माझ्या जागेच्या अगदी जवळून, स्वयंपाकघराकडे गेलेली. उजवं पाऊल स्वच्छ. डाव्याच्या जागी फरपटलेला पट्टा.

माय माझ्या खांद्यामागं येऊन उभी राहिली होती. तिला गेमातलं काही कळत नाही, पण ते पाऊल तिनं लगेच ओळखलं.

"हा गुंजीचा पाय होय," ती म्हणाली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात आनंद होता. "बोलाव ना रे तिले."

"बोलता येत नाही माय त्यात."

"मंग हात दाखव. तू हायस म्हणून समजन तिले."

"हात नाहीत."

"आंग हाय ना तुयं? दिसशीन ना तिले?"

"नाही दिसत माय. आंग पण नाही."

"मंग मागं फिरव. इकडं, दाराकडं आण. येथून आली त येथूनच..."

"मागचं दार उघडत नाही," मी म्हणालो. मी वर्षानुवर्षं ज्याला नावं ठेवत होतो, ते एकेक मायला तोंडानं सांगावं लागत होतं, आणि दर वाक्याला तिच्या चेहऱ्यावरचा आनंद विझत होता. शेवटी ती एवढंच म्हणाली, "असा कसा रे खेळ तुयावाला?" तो माझा सगळ्यात आवडता गेम होता.

आत्यानं चालू डब्याकडे बघितलं, पडद्यावरच्या उघड्या खोल्यांकडे बघितलं, आणि तिला सगळं समजलं. ती ओरडली नाही. "घरात दुसरं घर उघडं ठेवलं तुनं," ती म्हणाली. "दिवा लावलेलं. ते बिचारी दिवा पाहून गेली."

"मंग आता?"

"आता काय? तेथून निंगाची काही वाट हाय का नाही?"

वाट होती. एकच. मागचं दार, तळं, नाव. मी हेडफोनची तार काढली, स्पीकर लावला आणि चालायला लागलो. त्या घराचा कोपरा न् कोपरा मला पाठ आहे, डोळे बांधले तरी जाईन. पण त्या दिवशी मी नवख्यासारखा गेलो. ती सतत एक खोली पुढं होती. मी स्वयंपाकघरात शिरलो की तिची पावलं जिन्याखाली वाजायची, मी जिन्याखाली पोचलो की मागच्या खोलीत. घाई केली तरी अंतर तेवढंच. मधे मधे ती थांबायची. बोडीवर जाताना बसायची ना, तशी. मग मीही थांबायचो, आणि आम्ही तिघं श्वास धरून तो शांत स्पीकर ऐकायचो. माय कुजबुजायची, "बस बाई, बस. दम घे." माझ्या मागं एकेक दार बंद होत होतं.

मागच्या खोलीची ओलसर फळी वाजली, मग बाहेरची माती. दार उघडं होतं. धुकं, काळं पाणी, काठाला लाकडी फलाट आणि टोकाशी नाव. पांढरी पावलं फलाटावरून थेट टोकापर्यंत गेली होती. तिथं डावा पट्टा संपला. नाव एका बाजूला कलली, कोणीतरी सांभाळून बसावं तशी.

मी पुढं जायला बटण दाबलं. काही झालं नाही. माउस हलवला. काही नाही. तळ्याकाठी ताबा काढून घेतात, सांगितलं ना. नेहमी आपल्याला नावेत बसवून नेतात. या वेळी मला काठावरच ठेवलं आणि नाव निघाली. वल्ही नाहीत, आवाज नाही. हळूहळू धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

आत्यानं हात जोडले. "सुटली वं सत्यभामा. सुटली पोरगी."

माय खाली बसली, जमिनीवरच, आणि मोठ्यानं रडली. मलाही तेव्हा रडू आलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी नाक पुसत पडद्याकडे बघत राहिलो, आता पाटी येईल, बनवणाऱ्यांची नावं येतील, संपेल. पाटी आली नाही. नुसतं पाणी हलत होतं.

आणि मागून, त्या घरातून, स्पीकरमधून आवाज आला.

"माय... दुखते वं..."

ज्या गेमात माणसाचा आवाज म्हणून नाही, त्यात. गुंजनचा. कळ आली की ती दात आवळून, लाजल्यासारखी, अर्ध्यावर थांबून म्हणायची तसाच. नावेत कोण बसून गेलं मग? डावा पाय ओढत कोण गेलं आमच्यासमोरून? मला मागं वळून बघायचं होतं. सगळं त्राण लावून माउस ओढत होतो, टेबलाच्या कडेपर्यंत, खाली पडेपर्यंत. पडद्यावर पाणीच. माझी नजर तळ्याकडे खिळवून ठेवलेली, आणि पाठीमागच्या घरात ती कण्हत होती.

आत्या म्हणाली, "बंद कर. तार ओढ."

मी वाकलो, प्लगला हात घातला. मायनं माझं मनगट धरलं. तिच्या अंगात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. "पोरगी आत हाय अन् तू बंद करतं? कुठं जाईन ते? सांग मले, कुठं जाईन?"

मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे का? मी हात काढून घेतला.

मग मायनं जे केलं ते ती आयुष्यभर करत आली होती. स्वयंपाकघरात गेली, पाणी तापवलं, शेकायची रबरी पिशवी भरली, फडक्यात गुंडाळली आणि घेऊन आली. आणि मधल्या खोलीत पिशवी छातीशी धरून उभी राहिली. कुठं ठेवायची ते तिला समजेना. इकडे बघे, तिकडे बघे. शेवटी तिनं ती पडद्याच्या बुडाशी ठेवली, टेकवून. कण्हणं हळूहळू कमी झालं. मग थांबलं.

आत्या सकाळीच दिघोरीला निघून गेली. जाताना मला म्हणाली, हे दुसऱ्यांदा पाहता येत नाही, एकाच जिवाला दोनदा पीठ टाकत नाहीत. पुन्हा तिचा फोन आला नाही.

तेव्हापासून गेम संपलेला नाही. तेच तळं, तेच धुकं, आणि दिवसातून दोनदा मागच्या घरातून तेच कण्हणं. तो बनवणाऱ्या लोकांना मी लिहिलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं, की काठावर थांबायची सोय आमच्या गेममध्ये नाही आणि आवाज तर आम्ही कोणाचाच घेतला नव्हता. एका दुपारी लाइन गेली, इन्व्हर्टर टिकेल तेवढा टिकला आणि पडदा विझला. माय भिंतीला डोकं लावून बसली होती. लाइन आली, डबा आपणहून चालू झाला, पडद्यावर तळं. पण मधल्या वेळात, स्पीकर बंद असतानाही, त्या कोपऱ्यातून कण्हणं येतच राहिलं होतं, एवढंच तेव्हा आम्हाला कळलं. दोन्ही वेळा माय पिशवी भरते, ठेवते, गार झाली की नेते. दुकान मी निम्माच वेळ उघडतो. नवा व्हिडिओ का नाही असं तुम्ही विचारत होता, त्याचं कारण हे.

परवा दुपारी मी जेवून मधल्या खोलीत आलो तर टेबलावर पिशवी नव्हती. स्वयंपाकघरात नाही, दोरीवर नाही, कुठंच नाही. फडकं तेवढं टेबलावर, घडी घातलेलं. स्पीकर अगदी शांत होता. मायला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. "घेतली तिनं," ती म्हणाली, आणि पोटभर जेवली. रात्री गाढ झोपली. मीही झोपलो. आम्हाला वाटलं, मिळालं तिला हवं ते, आता शांत होईल.

आज तिसऱ्या प्रहरी पुन्हा सुरू झालं. पहिल्यापेक्षा वाईट. माय ऐकत बसली. नवी पिशवी आणून दे म्हणाली नाही, रडलीसुद्धा नाही. मग उठली, पाण्याचं भांडं गॅसवर ठेवलं, लुगड्याचा पदर खोचला आणि खुंटीवरची शाल अंगावर घेतली. शेजारी कोणाकडे जायचं असलं की घेते तशी.

"गार झाली असन पिशवी," ती म्हणाली. "पोरीले तेथं पाणी तापवून कोण देते? मलेच जावं लागन."

"माय, कुठं?"

पाणी उकळायला लागलं होतं. ओल्या लाकडाचा वास आता स्वयंपाकघरापर्यंत आला होता. तिनं मऊपणानं, समजूत घातल्यासारखा माझ्या गालाला हात लावला, आणि पडद्याकडे बोट केलं.

"तुले पाठ हाय ना ते घर. मले फकस्त दार कोणतं होय तेवढं दाखवून दे."